बिनशिट्टीची गल्ली

"अरे बंद कर! आधी गॅस बंद कर!"

ललिताबाईंनी दार असं बडवलं की आत उत्तरेश्वरच्या हातातला कांदा निसटून कॉटखाली गेला. बिचारा आदल्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीत भाड्याने राहायला आला होता. बार्शीकडचा माणूस, कारखान्यात लेथवर काम करणारा, स्वतःचं स्वतः शिजवून खाणारा. त्याच्या कुकरची एक शिट्टी झाली होती आणि दुसरी व्हायच्या बेतात होती.

"काय झालं मावशी? गॅसचा वास येतोय का?"

"वास नाही, शिट्टी! आमच्या गल्लीत शिट्टी करत नाहीत."

पुण्यात कशाकशाला मनाई असते याची कल्पना उत्तरेश्वरला गावाकडच्या लोकांनी देऊन ठेवली होती, पण त्यात कुकर नव्हता. त्याने घाईघाईने गॅस बंद केला.

"मग डाळ शिजवायची कशी वो?"

"मंद आचेवर, घड्याळ बघून. सगळी गल्ली तशीच शिजवते. काल सांगायचं राहिलं बघ माझ्याकडून." एवढं बोलून ललिताबाई वळल्या त्या थेट समोरच्या घराकडे. तिथे दारातच जयाचं शिलाई मशीन असे. मशीनवर कुणाची तरी जांभळी साडी अर्धा फॉल लावलेल्या अवस्थेत लोंबत होती, स्टूल आडवं पडलं होतं आणि जया जागेवर नव्हती.

"गेली," ललिताबाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

जयाचा नवरा दशरथ आतून शर्टाची बटणं लावत बाहेर आला. कुठे जायचं ते त्याला विचारावं लागत नसे. सोलापूर रस्त्यावरच्या बसथांब्यावर, जिथे ट्रक आणि बसच्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नाही, तिथे जया गळ्यात मोजपट्टी, पाय अनवाणी, अशी बसलेली सापडे. दशरथ शेजारी जाऊन बसे. काही विचारत नसे. थोड्या वेळाने म्हणे, "चहा घ्यायचा का?" आणि मग दोघं घरी येत. त्या दिवशीही तसंच झालं.

याला कारण होतं सहा वर्षांपूर्वीचं. जयाच्या स्वयंपाकघरात कुकर फुटला होता. शिट्टीच्या नळीत डाळीचं साल अडकलं, व्हॉल्व्ह जुना होऊन कडक झालेला. झाकण पत्रा फोडून वर गेलं आणि शेगडीशी बसलेल्या तुळजाबाई, म्हणजे जयाच्या सासूबाई, भाजल्या. सरकारी दवाखान्यात काही दिवस काढून त्या गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला माणसं जमलेली असताना शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि जया वाढता वाढता हातातली बादली खाली ठेवून निघून गेली. ती सापडेपर्यंत अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी दशरथ दारोदार फिरला. हा माणूस कंपनीत युनियनच्या सभेतसुद्धा तोंड उघडत नसे. प्रत्येक दारात हात जोडून एवढंच म्हणाला, "जमलं तर शिट्टी करू नका."

आणि गल्लीने ते जमवलं. हडपसर गावठाणातली ही गल्ली काही साधुसंतांची नाही. पाण्याच्या नळावरून, गाडी लावण्यावरून तिथे रोज कुणाचं तरी वाजतं. पण शिट्टीच्या बाबतीत कुणी शब्द मोडला नाही. कुणी पातेल्यात भात करू लागलं, कुणी ज्योत अगदी बारीक ठेवून घड्याळाकडे डोळे लावून उभं राहू लागलं. नव्या सुनेला घरातल्या चालीरीती सांगताना शिट्टीचं आधी सांगितलं जाई. या गोष्टीचा सगळ्या गल्लीला अभिमान होता, आणि का नसावा? शेजाऱ्यासाठी टीव्हीचा आवाज कमी करणारं माणूस हल्ली औषधाला सापडत नाही.

फक्त जया बरी होत नव्हती. सुरुवातीला ती शिट्टीला दचकायची, आता पातेल्यावरचं झाकण थरथरलं तरी उठायची. लग्नकार्याला जाणं सुटलं, माहेर सुटलं, लेकीकडचा मुक्काम सुटला. "साड्या फार पडल्यात," असं ती सांगे आणि लोक ते मान्य करत. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानापर्यंत तिचं जग येऊन थांबलं होतं.

लेक पूर्वा लोणी काळभोरच्या रस्त्याला नव्या सोसायटीत राहायची. आयटीत नोकरी, नवरा प्रज्ञेश कामानिमित्त बंगळुरूत, सासूबाई हयात नाहीत. सार्थक सहा महिन्यांचा झाला आणि तिची रजा संपली.

"आई, तू ये ना राहायला. थोडेच महिने. एवढ्याशा पोराला पाळणाघरात टाकायचं माझ्या जिवावर येतं."

"इकडे आणून सोड की त्याला," दशरथ म्हणाला.

"पप्पा, निम्मे दिवस मला वर्क फ्रॉम होम आहे. मीटिंगमधून उठून त्याला फीड करावं लागतं. तो तिथेच पाहिजे. नाहीच जमलं तर मी रिझाइन करते, विषय संपला."

विषय असा संपणार म्हटल्यावर जया हलली. या मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी तिने डोळे फोडून मशीन चालवलं होतं. ती म्हणाली, "येते मी. त्यात काय एवढं?"

पहिले दोन दिवस पूर्वा घरी होती. खिडक्या बंद, भात पातेल्यात. सोमवारी ती अर्ध्या दिवसासाठी ऑफिसला गेली. जयाने सार्थकला न्हाऊ घातलं, गादीवर टाकलं, खुळखुळा वाजवून दाखवला. त्या इमारतीतल्या सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं एकाच डक्टमध्ये उघडत होती. सकाळची डब्यांची वेळ. एक शिट्टी झाली. पाठोपाठ दुसरी.

त्यानंतरचं तिला आठवत नाही. भान आलं तेव्हा ती सोसायटीच्या गेटजवळ उभी होती आणि वॉचमन विचारत होता, "आजी, कुठं जायचंय? रिक्षा बोलवू का?"

जयाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. सार्थक वर होता, एकटा, आणि दार सताड उघडं.

लिफ्टसाठी न थांबता ती जिन्याने धावली. समोरच्या फ्लॅटमधल्या सत्यशीलाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, सार्थकला खांद्यावर घेऊन दारात उभ्या होत्या. तो रडून रडून लालबुंद झाला होता.

"तुमचाच ना हा?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. "दार उघडं टाकून फिरायला जायची पद्धत आहे का आपल्याकडे?"

जयाने नातवाला घेतलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी पूर्वा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. सार्थकला छातीशी धरून नुसती बसून राहिली.

"मी आजच जाते घरी," जया म्हणाली. "माझा भरवसा नाही गं."

"जा. पण हे असंच ठेवून जाऊ नकोस. सहा वर्षं झाली आई. आजी गेली ती गेली, पण तूही गेल्यासारखीच आहेस. मला माझी आई पाहिजे." आता मात्र पूर्वाला रडू आवरेना. "डिलिव्हरीनंतर मला काही सुचत नव्हतं, नुसतं रडायला यायचं. तेव्हा मी एका सायकॉलॉजिस्टकडे जात होते. तुम्हाला सांगितलं नाही, उगाच घाबराल म्हणून. तू चल त्यांच्याकडे."

हे दशरथला कळलं तेव्हा त्याने एकच वाक्य उच्चारलं. "वेड लागलंय का तिला?"

"पप्पा, वेड लागल्यावर जायचं असेल तर आपल्या गल्लीने आधी नंबर लावायला पाहिजे. लाखभर वस्तीत एकटीच घड्याळ बघून डाळ शिजवते."

बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांवर, अरुंद जिना चढून गेलं की उत्कर्षा मॅडमची खोली होती. दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, खिडकीखाली पुस्तकवाल्यांची आरडाओरड. मॅडम पूर्वापेक्षा थोड्याच मोठ्या दिसत होत्या. जयाला जरा शंकाच आली.

"गोळ्या देणार का?"

"मी गोळ्या देत नाही. लागल्या तर ज्या डॉक्टर देतात त्यांच्याकडे पाठवीन. इथे आपण बोलायचं."

"बोलून काय व्हणार?" घाबरली की जयाच्या तोंडात लहानपणची भाषा येई.

"त्या दिवशी तुमच्या शरीराने 'पळ' म्हटलं, ते बरोबरच होतं, जयाताई. कुकर फुटल्यावर कुणीही पळेल. पण तो दिवस संपलाय, हे शरीराला अजून कळलेलं नाही. तुम्ही दर वेळी पळालात, त्यामुळे कळायची संधीच मिळाली नाही. ती आपण देऊ या. हळूहळू, तुम्हाला झेपेल तसं."

ही संधी म्हणजे काय प्रकार आहे ते पुढच्या खेपेला कळलं. डोळे मिटायचे आणि तो दिवस सांगायचा. आज, आत्ता घडतोय असा. पुन्हा पुन्हा. जयाला वाटलं, ही पोरगी जखमेवरची खपली काढायला बसली आहे. घरी आली की ती अंथरुणावर पडून राही. एकदा तर ती जिन्यापर्यंत गेली, वर चढलीच नाही, खालच्या दुकानातून सार्थकसाठी प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक घेतलं आणि परत फिरली. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "आज नाही जमलं का?"

"खालपर्यंत आले होते. पुस्तक घेतलं आणि गेले."

"खालपर्यंत आलात ना? पुढच्या वेळी पुस्तक घेऊन वर या. मलाही दाखवा."

ती पुस्तक घेऊन वर गेली.

तिचं सांगणं दर वेळी एकाच जागी अडखळे. सासूबाईंना ती आत्या म्हणायची. "मी दारात मशीनवर आहे. आत्या आत शेगडीशी पाटावर बसल्यात. त्यांना कुकरचं काही कळत नाही, सगळा जन्म चुलीवर गेला. मी म्हणते, 'आत्या, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा.' त्या बोटावर मोजतात. पहिली झाली. दुसरी झाली. मग फुटला."

"दुसरी झाली आणि फुटला, याच्या मध्ये काय आहे?"

"काही नाही. शांत होतं."

'शांत' म्हणताना जयाने पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. मॅडमनी ते पाहिलं.

"त्या शांततेत थांबू या थोडं. मी इथे आहे. काय ऐकू येतंय?"

खाली कुणीतरी गाइडचा भाव करत होतं. मग जयाचा आवाज आला तो पार आतून.

"आत्या विचारतात, 'जया, तिसरी झाली का गं?' मी मान वरसुद्धा करत नाही. मी म्हणते, 'नाही अजून. बसा तुम्ही तिथंच.'" तिने डोळे उघडले. "मी त्यांना बसा म्हणाले, मॅडम. तिथंच बसा म्हणाले. त्या उठत होत्या. माझं ऐकून बसल्या."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. ती खूप रडली आणि मॅडमनी तिला रडू दिलं.

"नळी तुंबलीय हे तेव्हा माहीत होतं तुम्हाला?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"की तिसरी होणार. रोज होते."

"मग आज जे माहीत आहे, ते त्या दिवशी मशीनवर बसलेल्या बाईला माहीत असायला हवं होतं, असं का म्हणताय? तिचं काम चालू होतं. सासूला मदतीला बसवून ती चार साड्या उरकत होती."

त्या बाईबद्दल असा विचार जयाने कधी केला नव्हता. तिने पदराने नाक पुसलं, पाणी प्यायली. आणि मग सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, गल्लीचं सांगितलं. आमच्याकडे कुणी शिट्टी करत नाही, सगळे किती सांभाळून घेतात.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे सहा वर्षं तुमची गल्ली शांत आहे?"

"हो."

"आणि तुम्हाला भीती कशाची वाटते? शिट्टीची, की दुसरी झाल्यावर तिसरी येत नाही त्या शांततेची?"

सगळ्या गल्लीने मिळून, इतक्या प्रेमाने, तिला नेमकं त्या शांततेतच बसवून ठेवलं होतं. तिसरी शिट्टी तिने त्या दिवसापासून ऐकलीच नव्हती. पहिली-दुसरी होताच ती पळायची, आणि घरी तर एरवी पहिलीसुद्धा होत नव्हती.

"गल्लीला सांगा, शिट्ट्या करा म्हणावं," मॅडम म्हणाल्या. "पण आधी फोनवर रेकॉर्ड केलेल्या ऐका, मग खऱ्या."

हे दशरथला सांगणं सोपं नव्हतं. तो ताटावरून उठला.

"मी दारोदार गेलो तुझ्यासाठी. हात जोडले. लोकांनी एवढी वर्षं पाळलं. आता परत जाऊन सांगू, की ते चुकलं? ही बाई पुस्तकांच्या दुकानावर बसून आम्हाला शिकवणार?"

"अहो, बसा. मला एक सांगायचंय." आणि जयाने त्याला सांगितलं. त्या दिवशी ती सासूबाईंना काय म्हणाली होती ते, शब्दाला शब्द.

दशरथ भिंतीकडे बघत उभा राहिला. जयाला वाटलं, संपलं, आता हा माणूस आपल्याशी बोलणार नाही.

"आईनं मला कुकर दुरुस्त करून आणायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "आधीच्या आठवड्यात. म्हणाली, वाफ कडेनं येतीय रे. मी म्हटलं, रविवारी बघू."

एका घरात, एका छपराखाली दोघांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सहा वर्षं गिळून ठेवल्या होत्या आणि दोघंही समजत होती की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. जया उठून त्याच्याजवळ गेली. ताटातलं अन्न निवून गेलं. मग दशरथने तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "लाव बघू फोनवरची."

फोनवरची पहिली शिट्टी झाली तेव्हा जया बसून राहिली. दशरथ मात्र उठला आणि चपला न घालता बसथांब्याकडे चालू लागला. त्या दिवशी जया त्याच्या मागे गेली, त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "चहा घ्यायचा का?"

पुढच्या वेळी बुधवार पेठेचा जिना दोघंही चढली.

गल्लीला सांगायचं काम जयाने स्वतः केलं. बायकांना ते पटेना.

"आवं, आता कुठं हात बसलाय मंद आचेवर," ललिताबाई म्हणाल्या. "आणि तुला काय झालं तर? मी न्हाई करायची शिट्टी. माझ्या हातून न्हाई व्हायचं."

"ललिताताई, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. आता एवढं करा." जया मागे सरली नाही. "मला नातू सांभाळायचाय. तिथं सगळी सोसायटी शिट्ट्या मारते. त्यांना कोण सांगणार?"

शेवटी रविवारी सकाळी ठरलं. पहिला मान कुणाचा यावर थोडं वाजलंच, कारण प्रत्येकीला वाटत होतं की काही वाईट झालं तर ते आपल्या कुकरने होऊ नये. मग ललिताबाईंना उत्तरेश्वर आठवला.

"मला नगं मावशी," तो हात जोडून म्हणाला. "मागल्या खेपेला दार मोडायचंच राहिलं होतं तुमच्याकडनं."

"म्हणूनच तुझा हक्क हाय. लाव."

जया आपल्या दारात स्टुलावर बसली. दशरथ पायरीवर. तिचा हात धरायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. तिला तिचं तिचं कळू द्या. म्हणून तो स्वतःच्या दोन्ही हातांवर बसला होता. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात.

पहिली झाली. जयाचे पाय आपोआप उचलले गेले. तिने ते खाली टेकवले.

दुसरी झाली.

आणि मग ती शांतता आली. जयाने स्टुलाची कड धरली, अंगावरचा ब्लाऊज भिजला. पाय म्हणत होते, ऊठ. ती मनात म्हणत होती, आज रविवार आहे. समोर उत्तरेश्वर आहे. तो कुकर त्याचा आहे. हा तो दिवस नाही. दशरथचे ओठ पांढरे पडले होते. उत्तरेश्वर गॅसच्या बटणावर हात ठेवून असा उभा होता, जणू नापास झालो तर गावाला तोंड कसं दाखवू या विवंचनेत.

तिसरी झाली. चांगली लांबलचक, खणखणीत.

जया बसलेली होती. तिने मान वर केली आणि सगळ्यांकडे पाहिलं. "झाली की," ती म्हणाली, आणि हसली.

"झाली गं बाई झाली!" ललिताबाईंनी डोळे पुसत आरोळी ठोकली आणि घरात धावल्या. त्यांनी आपलाही कुकर चढवून ठेवला होता, गॅस पेटवायची हिंमत होत नव्हती एवढंच. मग दुसऱ्या दारातला, तिसऱ्या दारातला. थोड्याच वेळात गल्लीत असा काही गोंधळ उसळला की मुख्य रस्त्यावरचे लोक डोकावून बघायला लागले. कुणाची शिट्टी कुठली ते कळेना, कुणाच्या किती झाल्या ते मोजता येईना, आणि त्या रविवारी अर्ध्या गल्लीने करपलेली डाळ खाल्ली. जया मध्येच रडत होती, मध्येच हसत होती, पण स्टुलावरून उठली नाही. दशरथ मात्र उठला. गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि आईला हाक मारून रडला. सहा वर्षांत तो पहिल्यांदाच रडला.

असं एका रविवारी सगळं छान होत नसतं. त्यानंतरही वाईट सकाळी आल्या. एकदा ती बसथांब्यापर्यंत गेलीसुद्धा, पण तिथून तिची ती परत आली आणि उरलेला फॉल पूर्ण केला. उत्कर्षा मॅडमच्या पायऱ्या चढताना आता तिला धाप लागेनाशी झाली. पूर्वाने रजा वाढवून घेतली होती, ती संपत आली तेव्हा जयाने स्वतःच पिशवी भरली.

ऑफिसला निघताना पूर्वा दारात घुटमळली. "काही वाटलं तर लगेच फोन कर हं. खिडक्या लावून देऊ का?"

"उघड्या राहू देत. तू जा, उशीर होईल."

दार लागलं. डक्टमधून इकडून तिकडून शिट्ट्या येत होत्या. जयाने डाळ धुतली, नळी उजेडात धरून आरपार पाहिली, झाकण लावलं आणि गॅस पेटवला. सार्थकला कडेवर घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. पहिली झाली. सार्थक दचकला, तिने त्याला थोपटलं. दुसरी झाली.

तिसरी होईना.

तिने वाट पाहिली. गल्लीत तिसरी दर वेळी आली होती. फोनवर आली होती. इथे खरोखरच येत नव्हती. स्वयंपाकघर गप्प होतं. कडेवर पोर होतं आणि चार पावलांवर बाहेरचं दार. निघून गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

तिने सार्थकला हॉलमधल्या पाळण्यात ठेवलं, पट्टा लावला आणि परत फिरली. एक एक पाऊल टाकत ती शेगडीकडे गेली. वाकून कुकरखाली पाहिलं.

ज्योत नव्हती. सिलिंडर संपला होता.

जयाने बटण बंद केलं, ओट्याला धरलं आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी हसू थांबेना. आजीला एवढं हसताना ऐकून सार्थकही पाळण्यात पाय झाडत खिदळू लागला.

हसून झाल्यावर पंचाईत कळली. दुसरा सिलिंडर घरात नव्हता आणि डाळ अर्धी कच्ची होती. तिने सार्थकला उचललं, दाराची किल्ली घेतली आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

सत्यशीलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आज दार लावून आलात ना?"

"लावलं. ही किल्ली." जयाने किल्ली दाखवली. "आमचा सिलिंडर संपलाय. वरणाची एक शिट्टी राहिलीय. आपल्या गॅसवर घेता येईल का?"

पूर्वाने सत्यशीलाबाईंना मागेच सगळं सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "किल्ली द्या. कुकर मी आणते. तुमच्याकडे बाळ आहे."

त्यांनी कुकर आणून स्वतःच्या शेगडीवर ठेवला आणि गॅस पेटवला. "आपण बाहेर बसलात तरी चालेल. झाली की हाक मारते."

"नाही," जया म्हणाली, "इथेच उभी राहते."

दोघी शेगडीसमोर उभ्या राहिल्या. सार्थक जयाच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होता. नळीतून आधी थोडी वाफ आली, मग शिट्टी वर उचलली गेली आणि सगळं स्वयंपाकघर दणाणलं. सत्यशीलाबाईंनी चटकन जयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"झाली," जया म्हणाली. "बंद करा आता."